मिस्त्रींच्या मागची सीट

दिवाळीनंतर माझ्या गाडीला आवाज लागला. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की पुढून कुठूनतरी बारीक कण्हल्यासारखा सूर निघायचा. गाडी पळायला लागली की तोही वर चढायचा आणि पाय उचलला की खाली यायचा. कोणी सतत रडगाणं गात बसलेलं मला खपत नाही, मग ते माणूस असो की यंत्र. काच वर करून बघितली, रेडिओ मोठा करून बघितला. गाण्याच्या आडूनसुद्धा तो ऐकू यायचाच.

मी डाळिंबाच्या बागांना सल्ला देत फिरतो. राहायला जळोचीत आणि काम सगळं इंदापूर तालुक्यात, म्हणजे दिवसातला निम्मा वेळ गाडीतच जातो. बारामतीत तीन ठिकाणी दाखवली. एकानं टायर सांगितले, दुसऱ्यानं गिअरबॉक्स. तिसरा म्हणाला, "साहेब, जुनी झालीय आता, आवाज करणारच." त्यानं हे गाडीकडे न बघता माझ्याकडे बघून सांगितलं, त्यामुळे मी तिथून चहासुद्धा न घेता निघालो.

खरं तर पहिल्याच दिवशी मी कुंडलिक मिस्त्रींकडे जायला हवं होतं. गेलो नाही, कारण मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

कुंडलिक मिस्त्रींचं शेड निमगाव केतकीत, रस्त्याला लागून. वर पत्रा, पुढे चिंच, चिंचेखाली एक बाकडं. पलीकडच्या बाजूला शेळगाव, तेच त्यांचं मूळ गाव. या पट्ट्यात आवाज पकडणारा माणूस म्हणून त्यांचं नाव होतं. गाडी खडखडो, कण्हो, शिट्टी मारो, मिस्त्री आधी बॉनेट उघडायचे नाहीत. हात पुसायचे, स्टिअरिंगवर बसायचे आणि शेळगावपर्यंत एक चक्कर मारून आणायचे. परत येऊन खाली उतरले की दुखणं सांगायचे, आणि ते सहसा चुकायचं नाही.

या चकरेची एक शिस्त होती. गिऱ्हाइकानं पुढं डाव्या बाजूला बसायचं आणि मागच्या सीटवर, बरोबर मिस्त्रींच्या पाठीमागे, त्यांची बायको म्हाळसाबाई बसायची. हिरवं लुगडं, कपाळावर मोठं कुंकू, तोंडातून चकार शब्द नाही. एक हात तेवढा मिस्त्रींच्या खांद्यावर. मला वाटायचं, बाईला गाडीची भीती वाटत असेल, म्हणून धरून बसते. गावाला वेगळंच वाटायचं. चहाच्या टपरीवर लोक म्हणायचे, "मिस्त्रीला पाना लागत न्हाय, बायको लागती." मिस्त्री ते ऐकून हसायचे आणि म्हणायचे, "व्हय, लागती."

मागच्या उन्हाळ्यात साध्या तापाचं निमित्त होऊन म्हाळसाबाई गेल्या. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

त्यानंतर मी एकदोनदा शेडवर थांबलो होतो. मिस्त्री बाकड्यावर बसलेले असायचे. रडत नव्हते, कुणाला दोष देत नव्हते. काही विचारलं की "व्हय" म्हणायचे. जेवलात का? व्हय. बरं वाटतं का? व्हय. एकदा टपरीवरून चहा आला, तो त्यांनी हातात धरला आणि धरूनच बसले. साय धरली तरी तसेच. एकदा पाना निसटून बोटाची सालटी निघाली, रक्त मनगटापर्यंत आलं, आणि मी ओरडलो तेव्हा कुठे त्यांनी हाताकडे बघितलं. दुसऱ्याच कुणाचा हात असावा तसं बघितलं. मला त्यांचा राग आला. नंतर त्या रागाचाही कंटाळा आला आणि मी तिकडे थांबायचंच सोडलं.

त्यांचा मुलगा युवराज माझ्याच गल्लीत राहतो, बारामतीच्या एमआयडीसीत कामाला आहे. चांगला मुलगा. त्याची बायको अनिता तर दर आठवड्याला सासऱ्याला डबा घेऊन जाते. एका संध्याकाळी युवराज कुंपणापाशी भेटला आणि म्हणाला, "रविवारी टेम्पो घेऊन जातोय. शेडमधलं सगळं भरून आणतो आणि आबांना इकडंच ठेवतो. आवाजाची गाडी आली की परत पाठवतात ते. नुसतं हवा भरणं आणि ऑईल बदलणं चालू हाय. त्यासाठी तितं एकटं बसायचं कशाला?"

"आबा काय म्हणाले?" मी विचारलं.

"काय म्हणणार? व्हय म्हणाले."

त्याचं काही चूक नव्हतं. पण मला आतून बरं वाटेना. मिस्त्री जळोचीत येऊन काय करणार? तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत बसणार आणि खालून जाणाऱ्या गाड्या बघणार. तिथे गेलेला माणूस परत शेड उघडत नाही. दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. मी माझं रडगाणं घेऊन निमगावला गेलो.

मिस्त्री बाकड्यावरच होते. मी आवाजाचं सांगितलं.

"दुसरीकडं दाखवा, विजयराव," ते म्हणाले. "आवाजाचं काम आता करत न्हाय."

"दुसरीकडं दाखवून झालं. तुमच्याशिवाय कुणाला सापडायचं नाही."

"मला बी न्हाय सापडायचं."

"एक चक्कर तर मारा."

"चक्कर मारून काय हुतंय?"

माझा स्वभाव वाईट आहे. समोरचा माणूस शांत राहिला की मी चढतो. मी म्हणालो, रविवारी टेम्पो येणार आहे ते मला माहीत आहे. तुम्ही हातपाय गाळून बसलात. म्हाळसाबाईंना हे बघवलं नसतं. हे शेवटचं वाक्य मी बोलायला नको होतं. मिस्त्री माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग इतक्या साध्या आवाजात बोलले की मला आधी नीट कळलंच नाही.

"मला बारीक आवाज ऐकू येत न्हाय, विजयराव. लई वर्सं झाली."

मी बाकड्याच्या कडेला टेकलो.

"तुमचं बोलणं येतं. ट्रॅक्टर येतो. ढोल येतो. पर बारीक काय बी न्हाय. डास कानाशी आला तर चावल्यावर कळतं. तरणाबांड हुतो तवा कारखान्यात हुतो, टर्बाईनच्या शेजारी. तितंच गेलं."

"मग इतकी वर्षं तुम्ही आवाज पकडत होता ते?"

"ती पकडायची," मिस्त्री म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. बऱ्याच महिन्यांत ते सलग एवढं बोलले नसतील, आणि तेही कुणाचा तरी निरोप सांगावा तसं. म्हाळसाबाईंचं माहेर मेंढरांचं. लहानपण सगळं कळपामागं गेलेलं. संध्याकाळी कोकरं आयांकडे सोडायची वेळ झाली की एकच गलका उठतो, त्यात कुठलं कोकरू कुठल्या मेंढीचं हे तिला नुसत्या ओरडण्यावरून कळायचं. अंधारातसुद्धा कळायचं. लग्नानंतर मेंढरं गेली, पण कान तसेच राहिले. एकदा मिस्त्री एका जीपचा आवाज शोधत दिवसभर डोकं फोडून घेत होते, तेव्हा ती भाकरी घेऊन आली आणि म्हणाली, ही डाव्या अंगानं ओरडतीय. तेव्हापासून ती मागच्या सीटवर बसायला लागली. तोंडानं सांगायची सोय नव्हती, गिऱ्हाईक शेजारी असायचं. म्हणून हातानं सांगायची. आवाज आला की खांद्यावर बोट मारायचं. वाढला की भराभर. डावीकडून आला तर डावीकडं दाब, उजवीकडून आला तर उजवीकडं. आणि आवाज थांबला की पुरता तळवा खांद्यावर ठेवून द्यायचा.

"मग ऐकायचं मशीन का नाही लावलं?" मी विचारलं. काहीतरी विचारायचं म्हणून.

"युवराजनं आणलंय. त्यात सगळा कालवा एकदम घुसतो. नेमकं काय ऐकायचं ते मशीनला कळत न्हाय."

चिंचेखाली ऊन सरकलं होतं. इतक्या वेळा मी त्या गाडीत शेजारी बसलो होतो, तो हात बघितला होता, आणि मला काहीही दिसलं नव्हतं. वाईट वाटलं, पण ते कुठे ठेवावं ते कळेना. म्हणून मी भलतंच केलं. मी म्हणालो, "मी आवाज काढून दाखवतो," आणि तोंडानं गाडीची नक्कल केली. "कुंईईई," असं सुरू करून वर चढवत नेलं. टपरीवरची दोन माणसं उठून उभी राहिली.

मिस्त्रींनी पूर्ण होईपर्यंत ऐकून घेतलं. "हे गाडीचं न्हाय," ते म्हणाले. "हे कोकराचं हाय. भुकेल्या."

मग थोडा वेळ ते चावीकडे बघत बसले. मी चावी बाकड्यावर ठेवली होती. शेवटी त्यांनी ती उचलली, हात पुसले आणि गाडीपाशी गेले. मी सवयीनं पुढचं दार उघडलं.

"तितं नगं," मिस्त्री म्हणाले. "मागं बसा."

मी मागं बसलो, बरोबर त्यांच्या पाठीमागे. गाडी सुरू झाली. माझा हात काही उठेना. आमच्याकडे पुरुष पुरुषाच्या खांद्यावर हात टाकतात ते लग्नाच्या वरातीत, नाहीतर तिरडीमागं. असं दुपारी, पुरत्या शुद्धीत, मागच्या सीटवर बसून नाही. मिस्त्री वाट बघत होते. त्यांनी गिअर टाकला नव्हता. शेवटी मी हात ठेवला. सदऱ्याखाली खांद्याचं हाड लागलं. माणूस एवढा वाळलाय हे तोवर माझ्या लक्षात आलं नव्हतं.

त्यांनी उभ्या गाडीतच क्लच धरून अ‍ॅक्सिलरेटर दाबला. सूर चढला, मी बोट मारलं. पाय उचलला, मी थांबलो. पुन्हा दाबला, पुन्हा मारलं.

"उभ्या गाडीत बी येतोय," ते म्हणाले. "म्हंजी टायर न्हाय, गिअरबॉक्स न्हाय. चाकं फिरतच न्हायती. इंजिनाकडं हाय."

बारामतीतले दोघे एका मिनिटात निकालात निघाले. मला बरं वाटलं, पण मिस्त्रींच्या पाठीवरून काही समजत नव्हतं. ते शेळगावच्या रस्त्याला लागले. क्लच दाबून बघितला, एसी लावून बघितला. एसी लावल्यावर आवाज किंचित जाड झाला, तसं मी बोट जोरात मारलं. मध्येच माझा अंदाज चुकायचा, उशीर व्हायचा. तेव्हा ते मागं न बघता म्हणायचे, "नीट ऐका." रागावून नाही, लहान मुलाला शिकवताना म्हणतो तसं. डावं-उजवं मला काही सांगता आलं नाही. म्हाळसाबाईंना ते कसं कळत असेल, कोण जाणे.

शेडवर येऊन त्यांनी बॉनेट उघडलं. पुढच्या पुल्यांवरून फिरणारा पट्टा सैल करून काढला आणि पट्ट्याशिवाय इंजिन जरासं सुरू केलं. मी त्यांच्या मागे जाऊन उभा राहिलो आणि न सांगता खांद्यावर हात ठेवला. इंजिन नुसतं गुरगुरत होतं. कण्हणं गेलं होतं. मी तळवा टेकवला.

"गेला?" त्यांनी विचारलं.

"गेला."

"मग पट्ट्याबरुबर फिरणारं हाय काय तरी."

त्यांनी इंजिन बंद करून एकेक पुली हातानं फिरवायला सुरुवात केली. डोळे मिटून, दोन बोटांनी. अल्टरनेटरची फिरवली, सोडून दिली. एसीची फिरवली, सोडून दिली. मध्ये एक लहान पुली होती, नुसती पट्टा ताणून धरणारी. ती फिरवली आणि परत फिरवली. मग माझं बोट धरून तिच्यावर ठेवलं. आत वाळू सांडल्यासारखी कचकच होती.

पुली काढून तिचं बेअरिंग त्यांनी फडक्यावर उघडलं. ग्रीस धुऊन गेलं होतं, गोळ्यांवर तांबडा गंज चढला होता, आणि त्या सगळ्यात पिवळा चिखल. मिस्त्रींनी तो नखावर घेऊन नाकाशी धरला.

"भंडारा," ते म्हणाले. "खंडेनवमीला गाडी कशानं धुतली?"

मी सांगितलं. शेळगावात एका बागाईतदाराकडे होतो. सगळ्यांनी आपापली वाहनं डाळिंबावर फवारणी करायच्या मोठ्या पंपानं धुतली, ट्रॅक्टर झाला, मोटरसायकली झाल्या, मग माझी. कुणीतरी उत्साहानं बॉनेट उघडून आतपण मारला. मीच म्हणालो, मारा, आतून स्वच्छ होऊ दे. मग पूजा झाली आणि बंद करायच्या आधी दोघांनी मूठमूठ भंडारा आत उधळला. फुलात आलेल्या झाडावर तो पंप जवळून मारू नका, फुलं झडतात, असं मी लोकांना वर्षभर सांगत फिरतो.

"देव गाडीच्या पोटात कशाला घातला?" मिस्त्री म्हणाले. "वरनं टिळा लावायचा, पुरं. पाणी घुसलं, हळद मुरली. कालवण झालंय ह्याचं."

ते हसले नाहीत. पण हे बोलणं त्यांच्या जुन्या सुरातलं होतं. मी तोंड फिरवून रस्त्याकडे बघत राहिलो.

इंदापूरला जाऊन मी तसलंच बेअरिंग घेऊन आलो. येईपर्यंत मिस्त्रींनी आतलं सगळं पुसून ठेवलं होतं. बेअरिंग बसवलं, पट्टा चढवला, अंगठ्यानं दाबून त्याचा ताण बघितला. मग गाडीपुढं नुसते उभे राहिले. मला समजेना की आता काय अडलं. त्यांनी इंजिन सुरू केलं, अ‍ॅक्सिलरेटर दाबला आणि माझ्याकडे बघितलं. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. सगळं त्यांनीच दुरुस्त केलं होतं, आणि दुरुस्त झालं की नाही हे एकट्या त्यांनाच कळत नव्हतं.

मी मागचं दार उघडून बसलो.

पुन्हा शेळगावचा रस्ता. उसाची एक बैलगाडी पुढं होती, ती गेली. रस्ता मोकळा झाला तसा मिस्त्रींनी वेग वाढवला. मी कान देऊन ऐकत होतो. टायरांचा आवाज, वाऱ्याचा आवाज, इंजिनाची जाड घरघर. त्यापलीकडं काही नाही. बोट मारावं असं काहीच नव्हतं. खांदा माझ्या हाताखाली ताठ होता, वाट बघत. मी तळवा पसरून टेकवला आणि तिथंच राहू दिला.

शेळगावच्या अलीकडे त्यांनी गाडी वळवली आणि परत निघाले. मला वाटलं, झालं, म्हणून मी हात उचलायला लागलो.

"ऱ्हाऊ द्या," मिस्त्री म्हणाले.

मी परत ठेवला.

"म्हाळसाचा हात हलका हुता," ते म्हणाले. ती गेल्यापासून त्यांच्या तोंडून तिचं नाव मी पहिल्यांदाच ऐकलं. "तुमचा जड हाय. पर ऱ्हाऊ द्या. गावापत्तुर."

गावापर्यंत मी हात ठेवला. तसं अवघडून बसायची सवय नाही, पुढं वाकून माझी पाठ भरून आली, आणि हात तर कोपरापासून पार बधिर झाला. त्या खांद्याचं काय चाललं होतं ते मला माझ्या हातानं कळेनासं झालं. फक्त आरशात दिसत होतं. ते समोर रस्त्याकडे बघत होते आणि डोळ्यांतलं पाणी पुसत नव्हते, वाहू देत होते.

शेडपाशी गाडी थांबली. मिस्त्री उतरले, उपरण्यानं तोंड पुसलं, खिशातून फोन काढून माझ्यापुढं धरला.

"युवराजला लावा," ते म्हणाले. "मला फोनवरचं नीट येत न्हाय. म्हणावं, रविवारी ये, पर टेम्पो नगं. पोरांना घेऊन ये. जेवायला."

माझा उजवा हात अजून उठत नव्हता. मी डाव्या हातानं फोन लावला.